शिक्षकांचे भावनिक श्रमही कामाच्या हिशोबात धरा

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

दर वर्षी ५ सप्टेंबरला शिक्षकांच्या समर्पणाविषयी पुष्कळ बोलले जाते. समर्पण हा शिक्षकाचा स्वभावच असतो आणि त्यासाठी त्याला काही वेगळे खर्च करावे लागत नाही, असे त्या बोलण्यात धरून चाललेले असते. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सारी नोकरी केलेली आणि अखेरची वर्षे मुख्याध्यापिका म्हणून काम पाहिलेली शिक्षिका या नात्याने मला हे गृहीतच चुकीचे वाटते. अलीकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणांमध्ये ताणतणाव, सकारात्मक विचार, आध्यात्मिक बुद्धिमत्ता अशा विषयांवरची व्याख्याने वाढली आहेत, आणि शिक्षक आतून बळकट झाला की त्याची शाळेशी असलेली बांधिलकी आपोआप वाढेल, असा त्यांचा सूर असतो. आतून बळकट होण्याला माझा मुळीच विरोध नाही. मी स्वतः त्याच बळावर नोकरी निभावली. परंतु त्या बळाच्या भरवशावर शाळेने, शासनाने आणि समाजाने आपापल्या जबाबदाऱ्यांतून मोकळे होणे अन्यायाचे आहे, आणि असे होत राहिले तर शिक्षकाची बांधिलकी वाढण्याऐवजी झिजत जाते, हे मला या पत्रातून मांडायचे आहे.

भावनिक श्रमांची कल्पना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली सविस्तर मांडली. कितीही थकवा आला तरी प्रवाशांशी हसतमुखाने वागावे लागणाऱ्या विमानातील परिचारिका आणि थकबाकीदारांशी मुद्दाम कठोर बोलावे लागणारे वसुली कर्मचारी, अशा दोन टोकांच्या नोकऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि पगाराच्या बदल्यात माणूस हात आणि डोके यांच्याबरोबर आपल्या भावनाही कामाला लावतो, हे दाखवून दिले. शिक्षकाला ही दोन्ही टोके एकाच तासिकेत सांभाळावी लागतात. पहिल्या रांगेतल्या रडणाऱ्या मुलीला जवळ घ्यायचे, त्याच वेळी मागे मारामारी करणाऱ्या दोघांकडे करड्या नजरेने पाहायचे, आणि दारात येऊन चढ्या आवाजात बोलणाऱ्या पालकाला मवाळपणे उत्तर द्यायचे, हे सारे गणिताचा तास चालू असताना. हॉकशील्ड यांनी या श्रमांचे दोन प्रकार सांगितले आहेत. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरे, असा वरवरचा अभिनय हा पहिला. समोरच्याची अवस्था जाणून घेऊन आपला भावच मनापासून पालटणे हा दुसरा. उद्धटपणे उत्तर देणाऱ्या मुलावरचा राग गिळून हसणे हे पहिल्याचे उदाहरण झाले. त्या मुलाच्या घरात काल रात्री काय घडले असेल, हा विचार मनात येऊन राग खरोखरच निवळणे हे दुसऱ्याचे. तीन दशकांच्या संशोधनाचा जो एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात वरवरच्या अभिनयाचा मनाच्या थकव्याशी स्पष्ट संबंध आढळला. दुसऱ्या प्रकाराचा तसा ठळक संबंध दिसला नाही, उलट त्याने काम चांगले होते असे दिसले.

यावरून काही व्याख्याते असा निष्कर्ष काढतात की शिक्षकांना दुसरा प्रकार शिकवला म्हणजे प्रश्न सुटला. मनापासून भाव पालटायला वेळ लागतो, ही साधी गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. द्विशिक्षकी शाळेत एक जण प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला की उरलेल्या शिक्षिकेसमोर चार इयत्ता एका खोलीत बसलेल्या असतात; त्या मुलाच्या घराचा विचार करायला तिला उसंतच मिळत नाही, म्हणून ती राग गिळते आणि पुढच्या इयत्तेकडे वळते. शिक्षक यातला कोणता मार्ग धरतो हे त्याच्या मनोबलावर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्यापुढे किती वर्ग आहेत आणि दिवसाच्या कामात श्वास घ्यायला जागा आहे की नाही, यावरही अवलंबून असते.

मी जवळून पाहिलेली परिस्थिती सांगते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड मजुरांची जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात, ती गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ राहून गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवतात. जी जातात त्यांना शिक्षण हमी पत्रक दिले जाते, आणि ज्या शिवारात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात तिथल्या शाळेने त्यांना वर्षाच्या मध्यात सामावून घ्यायचे असते. त्या शाळेतल्या शिक्षकांचे कामही सोपे नसते. मागे राहिलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र शिक्षकाचे काम शाळेपुरते उरत नाही. रात्री मुलाला ताप चढला तर आजी आधी शिक्षकाला फोन लावते. आईशी बोलायला मिळेल म्हणून मूल बाईंच्या मोबाइलकडे बघत बसते. टोळ्या निघून गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पहिली-दुसरीच्या वर्गात शिकवणे जवळपास होतच नाही. मुलांना रडू देणे, त्यांच्याजवळ बसणे, गाणी म्हणणे आणि 'आई कधी येणार' या प्रश्नाला उद्या खोटे ठरणार नाही असे उत्तर देणे, हेच त्या दिवसांचे खरे अध्यापन असते. त्या कामाची नोंद करायला कोणत्याही पोर्टलवर रकाना नाही. त्याच दिवसांत कुठल्या ना कुठल्या माहितीची अंतिम मुदत येऊन ठेपलेली असते, आणि ती चुकली तर खुलासा मागवला जातो.

सातवी-आठवीतल्या मुलीचे लग्न ठरल्याची कुणकुणही बहुधा सर्वांत आधी तिच्या बाईंनाच लागते. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकाकडे आहे आणि मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कळवता येते, हे सगळ्यांना माहीत असते; पण कळवले कोणी, याची चर्चाही दुसऱ्या दिवशी गावात सुरू होते, आणि त्याच गावात एसटीतून उतरून त्या शिक्षिकेला रोज शाळेपर्यंत चालत जायचे असते.

याहूनही जड प्रसंग येतात. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती ज्या कोणाला मिळेल त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. मूल अडखळत काही सांगू लागते तेव्हा शिक्षिकेच्या चेहऱ्यावर धक्का दिसता कामा नये, नाहीतर मूल तिथेच गप्प होते. माझ्याबरोबर काम केलेल्या एका बाईंवर हा प्रसंग आला. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले, कायद्याप्रमाणे करायचे ते केले, जबाब दिला, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर येऊन परिपाठ घेतला. त्यानंतर त्यांच्याकडे अहवाल मागवणारी पत्रे आली, परंतु तुम्ही कशा आहात हे विचारायला कोणी आले नाही, कारण तसे विचारणे हे व्यवस्थेत कोणाचेच काम नव्हते. पुढे बरेच महिने एखादे मूल एकटेच जवळ येऊन उभे राहिले की त्यांच्या पोटात धस्स होत असे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक यांनी अशा दमणुकीच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: भावनिक थकवा, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. मुलांशी तुसडेपणाने वागणाऱ्या शिक्षकाकडे पाहून आपण याला कळकळच नाही असे म्हणतो. पण पूर्वी तोच सर्वांत जास्त जीव ओतून शिकवत असे, हे पुष्कळदा त्याच्या जुन्या सहकाऱ्यांना माहीत असते.

बांधिलकीविषयी बोलतानाही अशीच गल्लत होते. कॅनडातील संशोधक जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ साली संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. संस्थेविषयी मनापासून वाटणारी ओढ हा एक, सोडून गेलो तर नुकसान होईल म्हणून टिकून राहणे हा दुसरा, आणि टिकून राहणे हे माझे कर्तव्य आहे असे वाटणे हा तिसरा. यातला दुसरा प्रकार आपल्याकडे कसा दिसतो ते पाहा. महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आहे. तीन वर्षे मानधनावर काम करायचे आणि मग नियमित वेतनश्रेणी मिळायची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे हे मानधन २०२२ अखेरपर्यंत दरमहा ६,००० रुपये होते, जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतील शिक्षक अनुदानाच्या पुढच्या टप्प्याची वाट पाहत वर्षानुवर्षे तिथेच राहतात, कारण आता सोडले तर आजवरची सगळी वर्षे वाया जातील. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांच्या मनात, जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नसल्याने, म्हातारपणाची चिंता आहे. मार्च २०२३ च्या संपात ती रस्त्यावर दिसली. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक केले. गुणवत्तेची अट असावी याबद्दल माझे दुमत नाही. परंतु वीस-वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला आपल्या नोकरीची चिंता मनात दाबून रोज मुलांसमोर उत्साहाने उभे राहावे लागते, तेव्हा त्यालाही भावनिक श्रमच म्हणतात, हे लक्षात घ्यायला हवे. यातले बहुतेक लोक शाळा सोडत नाहीत, म्हणून त्यांची बांधिलकी कागदावर पक्की दिसते. हजेरीचे यंत्र माणूस आल्याचे सांगते. तो ओढीने आला की नाइलाजाने, हे त्याला कळत नाही, आणि मुलांना मात्र ते पहिल्या पाच मिनिटांत कळते.

आता आध्यात्मिक बुद्धिमत्तेविषयी. डॅना झोहार आणि इयन मार्शल यांच्या लेखनामुळे २००० सालापासून ही संकल्पना लोकांत पसरली. बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडणारे हॉवर्ड गार्डनर तिला स्वतंत्र बुद्धिमत्ता मानायला तयार झाले नाहीत. अस्तित्वाच्या प्रश्नांशी संबंधित एखादी बुद्धिमत्ता असू शकेल इथवर ते आले, पण तिलाही त्यांनी आपल्या यादीत पक्के स्थान दिले नाही. पुढे २००८ साली कॅनडातील डेव्हिड किंग यांनी तिची चार अंगे सांगितली: अस्तित्वाविषयी चिकित्सक विचार करणे, अनुभवांतून स्वतःपुरता अर्थ घडवणे, स्वतःपलीकडच्या व्यापकतेची जाणीव असणे, आणि जाणिवेच्या अधिक खोल अवस्थेत स्वेच्छेने जाता येणे. नावाविषयीचा विद्वानांचा वाद बाजूला ठेवला तरी शिक्षकाच्या कामात या गोष्टींना मोल आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. फडावरून परतलेल्या मुलीला वाचता येऊ लागते तेव्हा आपण कशासाठी इथे आहोत हे शिक्षिकेला ज्या प्रकारे समजते, ते कुठल्याही वेतनवाढीने समजत नाही. परंतु प्रशिक्षणांमध्ये बहुधा चौथे अंग तेवढे घेतले जाते: डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, तक्रार करू नका. पहिल्या अंगाचा, म्हणजे चिकित्सक विचाराचा, उल्लेखही मी अशा व्याख्यानांत ऐकलेला नाही. ज्या शिक्षकाची ही जाणीव खरोखर जागी आहे, तो मी हे कशासाठी करतो आहे असे विचारणारच, आणि एकदा तसे विचारू लागला की तीच माहिती पुन्हा दुसऱ्या ॲपवर भरण्याने मुलांचे कोणते भले होते, हेही विचारेल. म्हणून आध्यात्मिक बुद्धिमत्ता वाढली की शिक्षक निमूटपणे सारे सोसतील, अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी या संकल्पनेचा पुरता विचार केलेला नाही.

साने गुरुजींचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, आणि घेतलेच पाहिजे. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने सेवा केली. पण १९३० साली स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी ते ही नोकरी सोडून बाहेर पडले, हेही त्याच जीवनातले सत्य आहे. मुलांवरची माया आटली म्हणून ते गेले, असे कोणी म्हणणार नाही. आतल्या प्रेरणेने चालणारा माणूस संस्थेला बांधलेला राहीलच असे नाही. त्याची निष्ठा मुलांवर आणि आपल्या कामाच्या अर्थावर असते, आणि संस्था त्या अर्थाच्या बाजूने उभी असेल तोवर ती निष्ठा संस्थेलाही मिळते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्याची गोष्ट सांगताना त्यांच्या ध्येयवादाचा गौरव होतो. १९२६ साली स्थापन झालेला नूतन बाल शिक्षण संघ त्यांच्या पाठीशी होता, मुलांविषयी रोज बोलायला आणि चुकले तर सावरायला सोबतीची माणसे होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

आणखी एका बाबतीत सावध राहायला हवे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सर्व धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही शिक्षक एकत्र काम करतात. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास राज्यघटनेचे कलम २८ मनाई करते. मनोबलाच्या नावाखाली एखाद्या पंथाचे प्रवचन शिक्षकांसमोर ठेवले गेले, तर ज्यांना ते परके वाटते त्यांना तिथेही चेहऱ्यावर खोटा भाव आणूनच बसावे लागेल.

या विषयावर संशोधन करणारे विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन शाळांत येतात. मी त्या अनेकदा भरल्या आहेत आणि त्यांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. आध्यात्मिक बुद्धिमत्तेचे गुण जास्त आणि बांधिलकीचेही जास्त, असा संबंध आढळला तरी कशामुळे काय घडले हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्या शाळेत मुख्याध्यापक पाठीशी उभे राहतात, वर्ग आटोपशीर आहेत आणि पगार वेळेवर होतो, तिथल्या शिक्षकाला कामात अर्थ सापडणे सोपे जाते, हेही तितकेच संभवते. आणि कार्यालयात मुख्याध्यापकांसमोर बसून भरलेल्या प्रश्नावलीत नाइलाजाने टिकून आहे असे कोण लिहील?

आता काय करता येईल ते सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतील असे स्पष्ट लिहिलेले आहे. मतदार याद्यांच्या पुनरीक्षणाचे काम सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापनाव्यतिरिक्तच्या वेळेत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच सांगितले. याची अंमलबजावणी झाली तरी शिक्षकाच्या मनाला जी उसंत मिळेल ती अनेक व्याख्यानांनी मिळणार नाही. रात्री उशिरा समूहावर 'उद्या सकाळपर्यंत माहिती सादर करा' असे संदेश पाठवण्याची पद्धत बंद करायला तर शासनाला एक रुपयाही लागत नाही.

दर महिन्याला केंद्र पातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिच्यातला एक तास शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या कठीण प्रसंगांविषयी एकमेकांशी बोलण्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी मुख्य सूचना आहे. त्या तासाला इतिवृत्त नसावे, छायाचित्रे नसावीत, बोललेले कोणाच्या गोपनीय अहवालात जाऊ नये, आणि मुलांची नावे तर मुळीच घेतली जाऊ नयेत. आमच्या शाळेत शनिवारी मुले गेल्यावर आम्ही सहकारी असे बसत असू, आणि त्या बैठकींतून मी जितके शिकले तितके इतर कोठे शिकले नाही. एखाद्या मुलावर आपण चिडतो ते का, हे दुसऱ्या शिक्षकाने शांतपणे विचारले की पुष्कळदा उत्तर आपल्याच तोंडून बाहेर पडते. मनापासून भाव पालटण्याचे, कामाचा अर्थ शोधण्याचे शिक्षण याहून वेगळे काय असणार?

पोक्सोसारख्या प्रसंगातून गेलेल्या शिक्षकाला प्रशिक्षित समुपदेशकाची भेट मिळणे हा त्याचा हक्क मानला जावा आणि त्यासाठी किमान तालुका पातळीवर एक समुपदेशक नेमावा. टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा २०२२ पासून सुरू आहे. तो क्रमांक मुलांसाठी फळ्यावर लिहिताना आपणही तो वापरू शकतो, हे शिक्षकांना कोणीतरी सांगायला हवे. ध्यान, योग किंवा मनोबलाची शिबिरे ठेवायचीच असतील तर ती ऐच्छिक असावीत आणि कामाच्या वेळेत असावीत. रविवारी सक्तीने बोलावून मनःशांती देता येत नाही. मुख्याध्यापकांच्या रिक्त जागा भराव्यात, कारण स्वतःचा वर्ग सांभाळून प्रभारी म्हणून काम करणाऱ्या माणसाकडे सहकाऱ्याची विचारपूस करायलाही वेळ राहत नाही.

पुढील शैक्षणिक वर्षाचे प्रशिक्षणांचे आणि शिक्षण परिषदांचे वेळापत्रक आखण्यापूर्वी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी प्रत्येक केंद्रातील शिक्षकांना दोनच प्रश्न नाव न घालता लेखी विचारावेत: गेल्या वर्षी कोणत्या प्रसंगाने तुम्हाला सर्वांत जास्त थकवले, आणि त्या वेळी कोणती मदत मिळायला हवी होती. आलेली उत्तरे जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीसमोर ठेवावीत आणि त्यांवर काय ठरले हे शाळांना कळवावे, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, जिल्हा बीड
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)